सोपानरावांच्या पुस्तकातले चंद्र

चंद्र पांढरा नसतो, हे मी पूनमताईंना किती वेळा सांगितलं, तरी त्यांचं एकच पालुपद. "पांढरा घे ना गं, तुला सोपं पडेल." सोपंच करायचं असतं तर मी या धंद्यात कशाला पडले असते? मी हाताने कार्डं बनवते, लग्नाची, बारशाची, वाढदिवसाची. शिवाय फोटो लावून सजवलेली पुस्तकं बनवते, त्यांना सगळे स्क्रॅपबुक म्हणतात. कुरुळीत आमच्या दोन खोल्या आहेत. त्यातली एक माणसांची आणि एक कागदांची. माझा नवरा अय्याज म्हणतो की कागदांची खोली मोठी आहे, आणि ते खरं आहे.

पूनमताई पुनावळ्याच्या. त्यांचे आजेसासरे सोपानराव एक्याऐंशीला आले होते आणि घरच्यांनी त्यांचं सहस्रचंद्रदर्शन करायचं ठरवलं होतं. आयुष्यात हजार पौर्णिमा बघितलेल्या माणसाचा हा सोहळा. पाहुण्यांना चाळायला म्हणून सोपानरावांच्या आयुष्याचं एक पुस्तक हवं होतं, पानापानावर जुने फोटो. प्रत्येक पानावर एक चंद्र लावायचा ही कल्पना माझी. पहिल्या पानावर बीजेची कोर, मग पानागणिक वाढत जाऊन शेवटच्या पानावर पुरा चंद्र. पूनमताईंना ती इतकी आवडली की त्यांनी ती सगळ्या नात्यागोत्यात सांगितली, स्वतःची म्हणून.

पानांचे रंग मी पटापट ठरवले. जुने काळेपांढरे फोटो आता पार चहाच्या रंगाचे झाले होते. त्यांच्यामागे पूनमताईंचा लाडका फिकट गुलाबी लावला असता, तर म्हातारा-म्हातारी केकवर बसल्यासारखे दिसले असते. मी मागे गर्द निळा घेतला आणि फोटोखाली बाजरीच्या कणसाच्या रंगाची पट्टी. बैलजोडीच्या पानाला मातकट तांबडा, विहिरीच्या पानाला शेवाळी. लग्नाच्या पानाला नवरीच्या लुगड्याचा रंग हवा होता, पण फोटोत तो कळेना. म्हणून मी फोन करून खुद्द नवरीलाच, म्हणजे सोपानरावांच्या बायकोला, छबूबाईंना विचारलं. त्या क्षणभरही थांबल्या नाहीत. "अंजिरी व्हतं," म्हणाल्या. "काठ पिवळा."

अडलं ते चंद्रापाशी. चंदेरी कागद लावला तर स्टीलची ताटली दिसे. चमकी लावली तर ती झडून सोपानरावांच्या मिशीवर जाऊन बसे. पिंपरी कॅम्पातून मोतिया कागद आणला, तो साबणाच्या वेष्टनासारखा निघाला. माझी चिडचिड व्हायला लागली. अय्याजच्या डब्यातल्या भाजीत सलग दोन दिवस मीठ नव्हतं, आणि बिचारा काही न बोलता जेवला.

अय्याज चाकणच्या एका कारखान्यात पेंट शॉपला आहे. एका मोठ्या गाडीच्या कंपनीला बंपर रंगवून देणारा हा कारखाना. बंपरवर मारायच्या आधी रंग एका जाड कार्डावर मारून बघतात, आणि त्यावर धुळीचा एक कण बसला तरी ते कार्ड बाद होतं. एका संध्याकाळी अय्याजने डब्याच्या पिशवीतून तसली काही बाद कार्डं काढून माझ्यापुढे ठेवली.

"बघ, तुझा चंद्र ह्यात सापडतो का," तो म्हणाला.

मी कार्ड दिव्याखाली धरलं. समोरून दुधी. जरा कलतं केलं की निळसर. आणखी कलतं केलं की कडेला किंचित पिवळा. मी ते इतका वेळ हलवत बसले की चहा उतू गेला. हाच तो, मी म्हटलं. मला इतका आनंद झाला होता की मी त्या रंगाचं नाव काय, तो कुठल्या गाडीचा, एवढंसुद्धा विचारलं नाही.

आणि का विचारावं? आमच्या गावात कंपनीचं भंगार घरी आणण्यात कुणालाच काही वावगं वाटत नाही. घरोघरी पॅलेटच्या लाकडाचे पलंग आहेत, पॅकिंगच्या फोमच्या गाद्या आहेत. आमच्या घरातला पोळपाट मशीनच्या खोक्याच्या फळीचा आहे. कंपनीने टाकलं ते गावाने उचललं, इतकी साधी समजूत. लोखंडाला हात लावायचा नाही, तांब्याकडे बघायचं नाही, बाकी सगळं भंगार. त्या कार्डांना तर आम्ही भंगारसुद्धा समजलो नव्हतो, कागद समजलो होतो.

मी सगळे चंद्र त्यातूनच कापले, मागे फोमचे तुकडे लावून पानावर जरा उचलून बसवले आणि पुस्तक पुनावळ्याला पोचवलं. पूनमताईंनी शेवटचं पान खिडकीपाशी नेऊन हलवलं आणि माझा हातच धरला. "रविवारी मंगल कार्यालयात दारातच ठेवणारे मी हे," त्या म्हणाल्या. त्यांच्या नवऱ्याच्या, जयदीपदादांच्या बसेस कंपन्यांच्या कामगारांची ने-आण करतात, तेव्हा कंपन्यांचे मोठे साहेब लोकही येणार होते. मला तर अभिमानच वाटला.

त्यानंतरच्या बुधवारी अय्याज घरी आला आणि बूट न काढता पलंगावर बसला. आमच्या घरात बूट घालून कुणी उंबरा ओलांडत नाही. मी ओरडणार तेवढ्यात त्याचा चेहरा बघितला.

"हीना, त्या कार्डांचं काय उरलंय?"

"कडा उरल्यात. का?"

तो सांगू लागला. तो रंग अजून बाजारात न आलेल्या गाडीचा होता. गाडी निघेपर्यंत तो कुणाच्या दृष्टीस पडायचा नव्हता. बाद झालेलं प्रत्येक कार्ड सुपरवायझरने स्वतः उभं राहून मशीनमध्ये बारीक करायचं असा नियम होता. पण त्यांचा सुपरवायझर रणजीत आळशी, तो कार्डं सरळ भंगाराच्या पिंपात फेकायचा. आता गाडीच्या कंपनीची माणसं तपासणीला आली होती आणि कार्डं कमी भरली होती. रणजीतने कानावर हात ठेवले होते, मी फेकलीच नाहीत, कुणीतरी चोरली म्हणून.

"रंग बाहेर गेला म्हणतात," अय्याज म्हणाला. "दुसऱ्या कंपनीला विकला म्हणतात. सापडेल त्याला पोलिसात देणार."

"पण तुम्ही तर भंगारातून उचलली."

"उचलली तर मीच ना."

लग्न झाल्यापासून अय्याज कंत्राटावर आहे, आणि पुढच्या महिन्यात त्याला परमनंट करणार होते. त्या एका शब्दाची आम्ही दोघांनी इतकी वाट बघितली होती की तो मोठ्याने उच्चारायलाही भीती वाटायची, नजर लागेल म्हणून. आता नोकरीचंच काय, तुरुंगाचं नाव निघालं होतं. मी त्याच्याशेजारी बसले आणि त्याच्या बुटांची नाडी सोडायला लागले.

"कडा जाळून टाक," तो शेवटी म्हणाला.

मी मोरीत पत्र्याच्या डब्यात त्या पेटवल्या. कागद असा जळत नाही. त्याचा काळा, चिकट धूर निघाला आणि औषधासारखा उग्र वास सगळ्या घरात भरला. मी खिडकी उघडली तर वास गल्लीत गेला. शेजारच्या कमरुन्निसा खाला लगेच दारात.

"हीना, काय जळतंय गं? वायरिंग तर नाही?"

"प्लास्टिकची पिशवी पडली खाला, शेगडीवर."

"प्लास्टिकचा असा वास नाही येत," खाला म्हणाल्या आणि नाक वर करून उभ्याच राहिल्या. त्यांना हाकलायला मला बटाटे मागावे लागले. त्या बटाटे आणायला गेल्या तेवढ्यात मी डब्यात पाणी ओतलं. तो वास पुढे पडद्याला राहिला, उशांना राहिला, भातालाही येत होता. निदान मला तरी येत होता.

त्याच संध्याकाळी मी फोनमधले पुस्तकाचे सगळे फोटो पुसले. इन्स्टाग्रामवरचे पुसले. पूनमताईंना पाठवलेले पुसले, त्यांच्याही फोनमधून जातील असे. चंद्र कापतानाचा एक छान व्हिडिओ होता, त्यात माझ्या हातातल्या बांगड्या दिसत होत्या. तोही गेला.

गुरुवारपासून कारखान्याच्या गेटवर झडती सुरू झाली. आधी फोनच्या कॅमेऱ्यावर नुसता स्टिकर लावून आत सोडायचे, आता फोनच गेटवर जमा. बूट काढून, डबा उघडून दाखवायचा. अय्याज घरी आला की मी आधी त्याचा चेहरा बघायची आणि मगच दार पुरतं उघडायची. त्या दिवशी त्यांनी सुजितला केबिनमध्ये बसवून ठेवलं होतं. सुजित लातूरकडचा, अय्याजच्याच शिफ्टचा, घरी दोन लहान मुली. पिंप रिकामं करायचं काम त्याच्याकडे होतं, म्हणून संशय त्याच्यावर.

"दिवसभर विचारतायत त्याला," अय्याज म्हणाला. "त्याला काही माहितीच नाही, तर सांगणार काय तो? बाहेर आला तेव्हा पाण्याचा ग्लास धरता येत नव्हता त्याला."

"तुम्ही तोंड उघडायचं नाही," मी म्हटलं. "शपथ आहे माझी."

असं बोलताना मला लाज वाटली. पण लाजेपेक्षा भीती मोठी होती, आणि मोठं माणूस बोलत असताना लहानाने गप्प बसायचं असतं.

शुक्रवारी दुपारी गल्लीच्या तोंडाशी पांढरी गाडी थांबली. गळ्यात ओळखपत्रं घातलेली दोन माणसं उतरली आणि घरं मोजत आत यायला लागली. मी दार लावलं, दिवा बंद केला आणि दाराला पाठ लावून उभी राहिले. ती माणसं आमच्या दाराशी थांबली. त्यांनी भिंतीला काहीतरी लावलं, मोजपट्टी ओढल्याचा आवाज आला. मग त्यातला एक म्हणाला, "इथून पाइप घेऊ," आणि दोघं पुढे गेले. गॅसच्या लाइनवाले होते. मी तिथंच खाली बसले.

बसल्या बसल्या फोन वाजला. पूनमताईंचा निरोप होता. आमंत्रणाचं कार्ड, आणि खाली लिहिलेलं, "रविवारी नक्की ये. चाकणचे सगळे साहेब येतायत. तुझं पुस्तक बघून तुला खूप ऑर्डरी मिळतील."

तोवर माझ्या डोक्यात रविवार आलाच नव्हता. मी आपली कडा जाळण्यात आणि फोटो पुसण्यात गुंतलेली, आणि इकडे मूळ चंद्र कार्यालयाच्या दारात मांडायची तयारी चाललेली. पेंटमधली माणसं रंग सरळ बघत नाहीत, कलता करून बघतात. एक जरी साहेब ते पान कलतं करून बघायला लागला असता, तर संपलंच होतं.

संध्याकाळी जेवताना मी अय्याजला सांगितलं. त्याने हातातला घास खाली ठेवला.

"सगळे चंद्र त्याच पुस्तकात आहेत ना? दुसऱ्या कुठल्या कार्डावर नाही ना लावलेस?"

"नाही. एकूण एक तिथंच आहेत."

त्याने ताट बाजूला सारलं. मग म्हणाला, "बरं. तू आता काही करू नको. मी बघतो."

अय्याजचं 'मी बघतो' मला पाठ आहे. मोरीचा नळ मी बघतो म्हणून दोन वर्षं गळतोय. माणसाला काही सुचेनासं झालं की तो असं म्हणतो आणि कूस बदलून झोपतो. तसाच तो झोपला. मी मात्र ठरवलं.

शनिवारी तो पहिल्या शिफ्टला गेला आणि मी कागदांच्या खोलीत बसले. साबणाच्या वेष्टनासारखा तो मोतिया कागद काढला आणि त्यातून कोरीपासून पुऱ्या चंद्रापर्यंत सगळे चंद्र पुन्हा कापले. चंद्रामागचा डिंक खराब निघालाय असं सांगायला पूनमताईंना फोन केला, तर त्या पार्लरमध्ये होत्या. "आजी आहेत घरी, जा की," म्हणाल्या.

बस, मग दुसरी बस, मग शेअर रिक्षा. पुनावळ्याच्या त्या टॉवरच्या गेटवर वॉचमनने टॅबवर माझा फोटो काढला. "काम काय?" त्याने विचारलं. "कार्डं," मी म्हटलं. माझा फोटो त्यांच्याकडे राहिला, हे मला लिफ्टमध्ये गेल्यावर सुचलं.

दार छबूबाईंनीच उघडलं. बारीक चणीची म्हातारी, नऊवारीतली, एवढ्या मोठ्या फ्लॅटमध्ये एकटीच. सोपानराव दाढी करायला गेले होते. पुस्तक दिवाणावर धुतलेल्या पंच्यात गुंडाळून ठेवलेलं होतं.

"तूच व्हय ती कागदवाली?" छबूबाई म्हणाल्या. "बस. म्या हात धुतल्याबिगर उघडीत न्हाई त्ये."

"आजी, चंद्रामागचा डिंक जरा खराब निघालाय. फोटोंना डाग पडतील. मी नवे लावून देते."

त्यांनी पुस्तक उघडून पानावरून बोट फिरवलं. "डाग न्हाई पडला आजून."

"उन्हाळ्यात पडेल आजी."

"मग उन्हाळ्यात ये की."

मला रडू येईल असं वाटलं. मी पुस्तकाचं विहिरीचं पान उघडलं. त्यात विहिरीच्या काठावर एक तरुण मुलगा उभा होता, त्यांचा थोरला, दौलतराव, जो फार लवकर गेला. त्याचा तेवढा एकच फोटो घरात होता, हे मला पूनमताईंकडून माहीत होतं. "हा खराब झाला तर परत नाही मिळायचा," मी म्हटलं. इतकं हलकं मी आयुष्यात कधी वागले नव्हते, पण त्या वेळी मला फक्त ते पुस्तक हवं होतं. म्हातारीने फोटोकडे बघितलं आणि पुस्तक मुकाट्याने माझ्याकडे सरकवलं.

फोमखाली शिवणाचा दोरा घालून करवतीसारखा ओढला की चंद्र पान न फाडता सुटतो. मी एकेक सोडवत गेले आणि डब्यात टाकत गेले. बाहेर लिफ्ट थांबल्याचा आवाज आला की माझा हात थांबे. छबूबाई समोर बसून सांगत होत्या. खिडकीतून खाली दिसणारं गाड्यांचं पार्किंग म्हणजे त्यांची विहीर. त्याच्या पलीकडे बाजरी. मी हो हो म्हणत होते आणि मनातल्या मनात किती राहिले ते बघत होते.

"तुजं हात का कापत्यात गं?"

"सकाळपासून काही खाल्लं नाही आजी."

त्यांनी लगेच लाडू आणून हातात दिला आणि तो खाईपर्यंत पुढचं पान उघडू दिलं नाही. मी तो पाण्याच्या घोटाबरोबर ढकलला.

शेवटचा चंद्र बसवून झाला तेव्हा त्यांनी पुस्तक मांडीवर घेतलं आणि पान हळूच कलतं केलं. मग दुसऱ्या बाजूला. मग परत.

"ह्यो हालत न्हाई," त्या म्हणाल्या.

"काय आजी?"

"आदीचा चांद हालत व्हता. ह्यो बग, नुसताच बसलाय."

"नवा आहे ना," मी म्हटलं, आणि डबा पिशवीत घालून उठले. त्यांनी पुस्तक परत पंच्यात गुंडाळलं, पण या वेळी हात न धुताच.

परत येताना मी रावेतच्या पुलावर उतरले. खाली पवनेत जलपर्णी माजली होती, मधे एक मोकळा पट्टा वाहत होता. मी डब्यातला एकेक चंद्र काढून बारीक फाडला. रंग फुटून नखांत शिरत होता. फाडलेले तुकडे मुठीमुठीने त्या मोकळ्या पाण्यात सोडले. मागून गाड्या जात होत्या, कुणाचं लक्ष नव्हतं. शेवटची मूठ सोडली आणि मी बुधवारपासून पहिल्यांदा पुरता श्वास घेतला. घरी आले, आंघोळ केली, नखं घासली आणि खिचडी टाकली. आता साहेब काय, पोलीस आले तरी आमच्या घरात त्या रंगाचा ठिपका सापडणार नव्हता. अय्याज आल्यावर त्याला कसं सांगायचं, हेच मी घोळवत होते. आधी रागवेल, मग हसेल. नळावरून चिडवायचं तेही ठरवलं होतं.

त्याची यायची वेळ टळून गेली. मग पूनमताईंचा फोन आला.

"हीना, अगं तुझे मिस्टर आलेत आमच्याकडे. कंपनीचे दोन साहेब आहेत बरोबर. आजोबांचं पुस्तक बघायचं म्हणतायत. काय झालंय?"

पलीकडे फोन कुणाच्या तरी हातात गेला.

"हीना." अय्याजचा आवाज शांत होता. "स्पीकरवर आहे फोन. मी सकाळी सगळं सांगून टाकलं. सुजितला पोलीस चौकीत नेणार होते गं, मला बघवेना. साहेब म्हणाले, कार्डं खरंच तुझ्या बायकोने पुस्तकाला लावली असतील आणि सगळी तिथंच सापडली, तर आम्ही ती ताब्यात घेतो आणि विषय संपवतो. नोकरीलाही हात लावणार नाही म्हणाले." तो थांबला. "आणि ह्यात साधा कागद आहे. चंद्र कुठंयत?"

पातेल्यावरचं झाकण वाजत होतं. मी गॅस बंद केला.

त्याच्या मागे छबूबाईंचा आवाज आला, कुणाला तरी नीट समजावून सांगणारा. "सकाळी हीच पोरगी आली व्हती की. दोऱ्यानं कापून समदं चांद डब्यात घालून नेलं तिनं. म्या म्हनलं ऱ्हाऊ दे, तर आयकंना."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"मी नदीत टाकले," मी म्हटलं. "फाडून. रावेतच्या पुलावरून. तुम्हाला काही होऊ नये म्हणून."

"फोटो असेल ना हीना? व्हिडिओ? तू काढला होतास."

"पुसला."

"उरलेल्या कडा?"

"तुम्हीच जाळायला सांगितल्या."

पलीकडे एक अनोळखी आवाज आला. रागावलेला नव्हता, दमलेला होता. त्याने अय्याजच्या हातातून फोन घेतला असावा, कारण तो एकदम जवळून आला.

"मॅडम, नवऱ्याने सकाळी एक सांगितलं आणि त्याच सकाळी तुम्ही येऊन सगळं काढून नेलं. आम्ही काय समजायचं? शेवटचं विचारतो. कुणाला दिलेत?"

"नदीत टाकले साहेब," मी पुन्हा म्हटलं. चार दिवसांत मी खालांशी खोटं बोलले होते, पूनमताईंशी बोलले होते, त्या म्हातारीशी तर तिच्या मेलेल्या लेकाचा फोटो दाखवून बोलले होते, आणि सगळ्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला होता. आता मी खरं सांगत होते आणि ते मला स्वतःलाच खोटं ऐकू येत होतं.

"ठीक आहे," साहेब म्हणाला. "चला अय्याज, गाडीत बसा."